हिशेबाचें बिऱ्हाड
(नभोवाणीवरील भाषण)

बिऱ्हाड बदलण्याचा प्रसंग प्रत्येक मध्यमवर्गीय कुटुंबावर आयुष्यांत निदान दोनचारदां तरी येतो. ट्रंका बांधल्या जातात, भांड्यांची मोजदाद होते, लोणच्याची बरणी कोणीं मांडीवर घेऊन बसावें यावर चर्चा होते. परंतु जुन्या काळचा कर्ता पुरुष एक वस्तु मात्र हमालाच्या डोक्यावर कधींच देत नसे. ती वस्तु म्हणजे जमाखर्चाची वही. तांबड्या बासनांत गुंडाळलेली ती वही तो स्वतःच्या काखेंत धरून टांग्यांत बसे. कारण भांडें हरवलें तर नवें आणतां येतें. पण कोणाचें किती देणें, कोणाकडून किती येणें, विम्याचा हप्ता कोणत्या महिन्यांत भरला, ही माहिती एकदां हरवली कीं ती कोणत्याही बाजारांत विकत मिळत नाहीं.

अलीकडे पुष्कळ सुशिक्षित घरांतील ही वही कागद सोडून संगणकांत जाऊन बसली आहे. बँकेंतील शिल्लक, घरावरील कर्ज, विम्याचे हप्ते, समभागांची खरेदी, मुलांच्या शिक्षणाचा खर्च, सारें एका फाईलींत नांदत असतें. पण संगणकाचेंही बिऱ्हाड बदलावें लागतें. विंडोजवर चालणारा जुना संगणक थकतो आणि घरांत मॅक येतो. किंवा कोणी लिनक्सकडे वळतो. छायाचित्रें, गाणीं, पत्रें नव्या जागीं विनातक्रार राहूं लागतात. अडतें तें हिशेबापाशीं. जो प्रोग्रॅम इतकीं वर्षें वही सांभाळीत होता तो नव्या संगणकावर पाऊलच टाकीत नाहीं, आणि त्याच्या जागीं दुसरा कोणता आणावा हा प्रश्न उभा राहतो. प्रश्न दिसावयास किरकोळ, पण निवड चुकली तर वीसपंचवीस वर्षांची नोंद निकामी करणारा आहे. म्हणून त्याचा थोडा सावकाश विचार करणें इष्ट होय.

अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत राहणाऱ्या एका मराठी जोडप्याची कल्पना करावी. गृहस्थ निवृत्त एंजिनिअर. दर रविवारीं सकाळचा चहा झाला कीं विंडोजवरील क्विकन हा प्रोग्रॅम उघडून आठवड्याचा जमाखर्च लिहावयाचा, हा त्यांचा १९९९ पासूनचा परिपाठ. पुण्यास आईला पाठविलेले पैसे, घराच्या कर्जाचे हप्ते, २००३ सालीं घेतलेले समभाग, सारें त्यांत आहे. आतां त्यांची दृष्टि मंदावली आहे. मुलीनें आईसाठीं मॅक आणून दिला आहे, आणि ज्या बाईंनीं आजवर हिशेबाच्या टेबलाशीं कधीं बसूनही पाहिलें नाहीं त्यांच्या हातीं ती वही यावयाची आहे. "यांनीं लिहिलेलें सगळें मला यांत दिसेल ना गं?" एवढेंच त्या मुलीला विचारतात. बाजारांत कोणतें सॉफ्टवेअर उत्तम, हें त्यांनीं विचारलेलेंच नाहीं. आणि वस्तुतः त्यांचाच प्रश्न पहिला होय.

जुना प्रोग्रॅम नव्या संगणकावर कां चालत नाहीं, हें प्रथम पाहिलें पाहिजे. प्रोग्रॅम म्हणजे विशिष्ट प्रोसेसरला समजतील अशा सूचनांचा संच. शिवाय पडद्यावर चौकट काढणें, फाईल उघडणें, छपाई करणें हीं कामें तो स्वतः करीत नाहीं; तीं ऑपरेटिंग सिस्टिमकडून करवून घेतो. विंडोजसाठीं लिहिलेला प्रोग्रॅम मॅकवर नेला तर, ज्या नोकरांना तो हांका मारतो ते नोकर त्या घरांत नसतातच. नोंदींची गोष्ट निराळी आहे. तारीख, रक्कम, घेणाराचें नांव आणि खर्चाचें सदर, एवढाच कोणत्याही नोंदीचा ऐवज. त्याला कोणत्याही संगणकाचें वावडें नाहीं. अडचण इतकीच कीं त्या नोंदी ज्या पेटींत ठेवलेल्या असतात तिची किल्ली बहुधा एकट्या त्या प्रोग्रॅमजवळ असते.

महाराष्ट्राला या अडचणीचा एक जुना अनुभव आहे. अनेक घरांच्या माळ्यावर आजोबापणजोबांच्या चोपड्या आहेत. कागद शाबूत आहे, शाई शाबूत आहे, अक्षरही वळणदार आहे. परंतु लिपि मोडी असल्यामुळें नातवाला त्यांतील एक ओळ लागत नाहीं. शाळांतून मोडी मागें पडली आणि घरोघरचे हिशेब जागच्या जागीं मुके झाले. पुण्याच्या पेशवे दफ्तरांतील कागद वाचावयाचे तर आजही त्या लिपीचें स्वतंत्र शिक्षण घ्यावें लागतें. मोडी मागें पडावयास कांहीं पिढ्या लागल्या. संगणकाच्या जगांत तोच प्रकार पांचसात वर्षांत घडतो.

याचें उदाहरण खुद्द क्विकनच्या इतिहासांत आहे. १९८३ सालीं अमेरिकेंत इन्ट्युइट ही कंपनी निघाली. तिचे एक संस्थापक स्कॉट कुक यांना या धंद्याची कल्पना सुचली ती पत्नी घरचीं बिलें चुकतीं करतांना कंटाळते हें पाहून, असें सांगतात. त्यांतून निघालेलें क्विकन पुढें अमेरिकन घरांतून फार रूढ झालें. विंडोजप्रमाणें मॅकसाठींही तें निघत असे. तथापि दोहोंचें नांव एक असलें तरी आंतील घडण आणि फाईलीची मांडणी भिन्न होती. २००६ पासून ॲपल कंपनीनें आपल्या मॅकमधील पॉवरपीसी जातीचे प्रोसेसर सोडून इंटेलचे घेतले. जुने प्रोग्रॅम एकदम बंद पडूं नयेत म्हणून रोझेटा नांवाचा एक दुभाषा तिनें मध्यें बसविला. मॅकसाठीं असलेलें क्विकन २००७ याच दुभाष्याच्या आधारावर चालत होतें. जुलै २०११ मध्यें मॅकची लायन ही नवी ऑपरेटिंग सिस्टिम आली आणि तिनें दुभाष्यास रजा दिली. ज्यांनीं ती सिस्टिम निर्धास्तपणें चढविली त्यांची हिशेबाची फाईल जागेवर होती, तिच्यांतील अक्षरही पुसलें गेलें नव्हतें. पण ती उघडणारा प्रोग्रॅम मात्र मुका झाला होता.

त्यापूर्वीं, फेब्रुवारी २०१० मध्यें, कंपनीनें मॅकसाठीं क्विकन एसेन्शियल्स हा नवा प्रोग्रॅम काढला होता. परंतु त्यांत समभागांच्या खरेदीविक्रीच्या नोंदी ठेवण्याची सोयच नव्हती. नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा, अशी गत झाली. अखेर २०१२ सालीं जुनें क्विकन २००७ लायनवर चालेल असें करून विकावें लागलें, आणि समभागांची सोय असलेली नवी मॅक आवृत्ति २०१४ मध्यें आली. २०१६ सालीं इन्ट्युइटनें क्विकनच विकून टाकलें. आज तें विंडोज आणि मॅक दोहोंसाठीं वर्गणीच्या पद्धतीनें मिळतें. या साऱ्या घडामोडींत कंपनीचा व्यापारी हिशेब चुकला कीं बरोबर आला, याच्याशीं गृहस्थाला कर्तव्य नाहीं. त्यानें एवढेंच ध्यानांत ठेवावें कीं एकाच नांवाचा प्रोग्रॅम नव्या संगणकावर मिळतो म्हणजे तोच प्रोग्रॅम मिळतो असें नव्हे.

इतर घरींही मातीच्याच चुली. मायक्रोसॉफ्टचें मनी हें सॉफ्टवेअर १९९१ पासून चालत आलेलें; जून २००९ अखेर त्याची विक्री थांबली. मिंट ही संकेतस्थळावरून चालणारी सेवा कोणत्याही संगणकावर उघडत असे, म्हणून बिऱ्हाड बदलणाराला ती निर्धोक वाटे. ती मार्च २०२४ मध्यें बंद झाली. मनी बंद पडलें तेव्हां वही निदान स्वतःच्या टेबलावर होती. मिंट बंद झालें तेव्हां वही दुसऱ्याच्या घरीं होती, आणि ठराविक मुदतींत ती उतरवून घेणें प्राप्त झालें.

तर मग नव्या संगणकावर आलेल्या कुटुंबापुढें मार्ग तरी कोणते? पहिला मार्ग म्हणजे नव्या वाड्यांतच एक जुनी खोली बांधून घेणें. मॅकच्या आंत विंडोज चालवितां येतें आणि त्यांत जुना प्रोग्रॅम जसाच्या तसा ठेवतां येतो. मात्र २०२० च्या अखेरीपासून आलेल्या ॲपलच्याच प्रोसेसरच्या मॅकवर बूट कॅम्प ही जुनी सोय नाहीं; तेथें पॅरलल्ससारखें निराळें सॉफ्टवेअर घेऊन त्यांत विंडोज बसवावें लागतें. म्हणजे एका हिशेबासाठीं दोन ऑपरेटिंग सिस्टिमा सांभाळावयाच्या. जुन्या नोंदी अधूनमधून पाहण्यास ही खोली चांगली. परंतु न्यू जर्सींतील त्या बाईंनीं रोजचा जमाखर्च तेथें जाऊन लिहावा, ही अपेक्षा व्यवहाराला धरून नाहीं.

दुसरा मार्ग त्याच नांवाच्या प्रोग्रॅमची नव्या संगणकावरील आवृत्ति घेण्याचा. अमेरिकेंतील बँकांकडून नोंदी आपोआप उतरवून घेण्याची ज्यांना संवय आहे त्यांना हा मार्ग सोयीचा. पण त्यांतही फाईलीचें रूपांतर करावें लागतें आणि त्या रूपांतराची तपासणी चुकत नाहीं. तिसरा मार्ग निराळ्या प्रोग्रॅमचा. मनीडान्स हा विकत मिळणारा प्रोग्रॅम विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतो. ग्नूकॅश हाही तिन्हींवर चालतो, आणि तो मुक्त स्वरूपाचा आहे. म्हणजे त्याला किंमत नाहीं इतकेंच नव्हे, तर त्याची घडणही कोणासही पाहतां येते. चौथा मार्ग मिंटसारख्या सेवेचा; त्याचा धोका वर आलाच आहे. पांचवा अगदीं साधा: स्प्रेडशीट, किंवा केवळ अक्षरांच्या फाईलींत ओळीमागून ओळ लिहिणें. २००३ सालीं निघालेला लेजर हा प्रोग्रॅम अशाच साध्या फाईलीवर चालतो. ती फाईल कोणत्याही संगणकावर उघडते. पण ती लिहिण्यास जी शिस्त लागते ती प्रत्येक घरांत असेलच असें नाहीं.

या पांचांतून निवड करतांना सामान्यतः लोक जाहिरात पाहतात, रंगीत आलेख पाहतात, किंमत पाहतात. जुना पेढीवाला नवा दिवाणजी नेमतांना निराळेंच पाहत असे. हा माणूस उद्यां निघून गेला तर याचें लिहिलेलें दुसऱ्याला वाचतां येईल काय, हा त्याचा पहिला प्रश्न. घरच्या हिशेबासाठीं प्रोग्रॅम निवडतांना हाच प्रश्न प्रथम विचारावा. प्रोग्रॅममध्यें नोंदी आंत कशा येतात याचें वर्णन विक्रेता आपण होऊन करतो. त्या बाहेर कशा जातात हें गिऱ्हाइकानें शोधून काढावें लागतें.

बाहेर जाण्याचे रस्ते मुख्यतः तीन आहेत. क्यूआयएफ हा क्विकनचाच जुना नमुना. तो साध्या अक्षरांत असतो: तारखेच्या ओळीआधीं डी, रकमेच्या आधीं टी, घेणाराच्या नांवाआधीं पी, सदराच्या आधीं एल, आणि नोंद संपली कीं एक खूण. पुष्कळ प्रोग्रॅम तो वाचूं शकतात. पण त्यांत तीन उणिवा आहेत. एक, तारीख महिन्यानें सुरू होते कीं दिवसानें हें तो सांगत नाहीं. अमेरिकेंत लिहिलेलें ०३/०४ म्हणजे ४ मार्च, तेंच भारतीय पद्धतीनें बसविलेल्या संगणकावर ३ एप्रिल होऊन बसतें. दुसरी, कोणत्याही नोंदीला त्यांत स्वतःचा असा क्रमांक नसतो. त्यामुळें तीच नोंद दोनदां आली तर ओळखावयाची कशी? एका खात्यांतून दुसऱ्या खात्यांत ५०० डॉलर नेले असले तर तो व्यवहार दोन्ही खात्यांच्या फाईलींत दिसतो, आणि नव्या प्रोग्रॅमनें त्याची जोडी ओळखली नाहीं तर तो दोन व्यवहार समजून लिहितो. तिसरी, जोडलेलीं पावत्यांचीं चित्रें त्यांतून जातच नाहींत.

ओएफएक्स हा दुसरा नमुना १९९७ सालीं मायक्रोसॉफ्ट, इन्ट्युइट आणि चेकफ्री या तीन कंपन्यांनीं मिळून पुढें आणला. त्यांत बँकेकडून येणाऱ्या प्रत्येक नोंदीला स्वतंत्र ओळखक्रमांक असतो, म्हणून दुबार नोंदीचा धोका कमी. तिसरा नमुना सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामानें तोडलेले रकाने. तो स्प्रेडशीटमध्यें सहज उघडतो. मात्र भारतीय वाचकानें येथें सावध असावें. १,२५,००० ही रक्कम अवतरणचिन्हांत नसेल तर त्यांतील स्वल्पविराम हेही रकान्यांच्या सीमा समजले जातात, आणि सवा लाखाचे तीन तुकडे होऊन तीन रकान्यांत विखुरतात.

दुसरा प्रश्न असा कीं प्रोग्रॅम स्वतःच्या चुका पकडतो काय? येथें द्विनोंदी पद्धतीची महती आहे. १४९४ सालीं व्हेनिस येथें छापलेल्या आपल्या गणितग्रंथांत लुका पाचोली यांनीं ही पद्धति व्यवस्थित मांडली. व्यापारी तिचा उपयोग त्यापूर्वींपासून करीतच होते. वाणसामानाचे ८० डॉलर दिले तर एकीकडे बँक खात्यांतून ८० उणे होतात आणि दुसरीकडे वाणसामानाच्या खात्यांत ८० अधिक होतात. दोन्ही बाजू जुळल्याच पाहिजेत. ग्नूकॅश याच पद्धतीवर उभा आहे. जमा आणि नांवें हे शब्द ज्यांनीं कधीं ऐकलेले नाहींत त्यांना प्रारंभीं तो जड वाटतो, हें खरें. परंतु आपल्याकडे रोजकीर्द आणि खतावणी ज्या घरांत चालत असे त्या घरांतील माणसाला त्यांत परकें असें कांहींच नाहीं.

तिसरा प्रश्न देशाचा. घरखर्च डॉलरमध्यें आणि पुण्याची ठेव रुपयांत असेल तर दोन चलनें सांभाळणारा प्रोग्रॅम हवा. अमेरिकेंत कराचें वर्ष १ जानेवारीस सुरू होतें, भारतांत १ एप्रिलला. हिशेबाचें वर्ष आपल्या सोयीनें बसवितां आलें पाहिजे. ग्नूकॅशमध्यें तें बसवितां येतें. बँकेचा पासवर्ड तिसऱ्याच्या स्वाधीन करून नोंदी आणविण्याचा मोह मात्र टाळावा. भारतांत यासाठीं रिझर्व्ह बँकेनें २०१६ सालीं अकाउंट ॲग्रिगेटर या संस्थांचे नियम केले, आणि २०२१ पासून ही व्यवस्था चालू आहे. तींत पासवर्ड न देतां, खातेदाराच्या संमतीनें, ठराविक माहिती ठराविक मुदतीपुरती दिली जाते.

चौथा आणि सर्वांत दुर्लक्षिलेला प्रश्न म्हणजे समभागांचा इतिहास. बँकेची शिल्लक चुकली तर बँक दुसऱ्या दिवशीं खरा आंकडा सांगते. समभाग केव्हां आणि किती किमतीस घेतले, हें मात्र दर वेळीं दुसरा कोणी सांगेलच असें नाहीं. अमेरिकेंत दलालांनीं समभागांची मूळ किंमत करखात्याला कळविली पाहिजे असा नियम झाला, तो १ जानेवारी २०११ आणि त्यानंतरच्या खरेदीस लागू आहे. त्यापूर्वीं घेतलेल्या समभागांचा पुरावा ठेवण्याची जबाबदारी धारकाची.

न्यू जर्सीच्या त्या गृहस्थांनीं २००३ सालीं २,००० डॉलरचे समभाग घेतले, आणि मिळालेला लाभांश पुन्हां त्याच समभागांत गुंतवीत गेले, असें समजावें. वर्षानुवर्षें मिळून तो लाभांश ९०० डॉलर झाला. त्यावर त्या त्या वर्षीं कर भरलेला आहे. आतां सारे समभाग ६,००० डॉलरना विकले तर मूळ किंमत २,९०० आणि नफा ३,१०० डॉलर. परंतु फाईल नव्या प्रोग्रॅममध्यें नेतांना लाभांशाच्या त्या बारीक खरेद्या गळल्या, तर नफा ४,००० दिसेल आणि ९०० डॉलरवर दुसऱ्यांदा कर पडेल. सारा इतिहासच हरवला तर मूळ किंमत शून्य धरली जाण्याचा धोका आहे, म्हणजे ६,००० च्या ६,००० नफा. शेवटची शिल्लक अशा वेळींही बरोबर दिसत राहूं शकते! चूक दिसते ती विकावयाच्या दिवशीं, आणि तोंवर जुना संगणक भंगारांत गेलेला असतो. भारतांतही यापासून सुटका नाहीं. सूचीबद्ध समभागांच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यासाठीं ३१ जानेवारी २०१८ ची किंमत विचारांत घेण्याची सवलत आहे खरी. पण ती लावतांना खरेदीची मूळ किंमतही पाहावीच लागते.

म्हणून बिऱ्हाड हलविण्याची रीत आधीं ठरवावी आणि मग प्रोग्रॅम ठरवावा. जुना संगणक चालू असतांनाच प्रत्येक खातें बँकेच्या अखेरच्या पत्रकाशीं ताडून घ्यावें. मग साऱ्या नोंदींची, आणि समभागांच्या प्रत्येक खरेदीची तारीखवार यादी पीडीएफ स्वरूपांत काढावी; समभागांची यादी तर कागदावरही छापावी. कागदाला ऑपरेटिंग सिस्टिम लागत नाहीं. त्यानंतर क्यूआयएफ आणि सीएसव्ही या दोन्ही नमुन्यांत नोंदी बाहेर काढून त्यांच्या प्रती दोन ठिकाणीं ठेवाव्या. हें सारें झाल्यावरच दोन किंवा तीन प्रोग्रॅममध्यें त्या प्रती घालून पाहाव्या.

पाहावयाचें काय? केवळ आजची शिल्लक नव्हे. दोन चुका परस्परांना झांकीत असल्या तर आजची शिल्लक जुळते. दर वर्षाच्या शेवटच्या दिवशींची शिल्लक जुन्या आणि नव्या वहींत ताडून पाहावी. ज्या वर्षापासून फरक सुरू झाला त्या वर्षांत चूक आहे. फरकाच्या रकमेइतकाच एखादा व्यवहार सांपडला तर तो दुबार लिहिला गेला किंवा गळला. फरकाच्या निम्मी रक्कम सांपडली तर तो उलट्या बाजूस पडला. हातानें आंकडे भरले असतील आणि फरकाला ९ नें पूर्ण भाग जात असेल तर ४५ चे ५४ झाल्यासारखी अदलाबदल शोधावी. दिवाणजींच्या या जुन्या युक्त्या संगणकाच्या वहीलाही तितक्याच लागू पडतात.

साराच इतिहास नव्या प्रोग्रॅममध्यें नेलाच पाहिजे असेंही नाहीं. १९९९ सालच्या वाणसामानाचा खर्च आतां कोणाला हवा आहे? वर्षारंभाची एक तारीख धरावी, त्या दिवसाची प्रत्येक खात्याची शिल्लक प्रारंभीची जमा म्हणून लिहावी, समभाग मात्र खरेदीच्या प्रत्येक तारखेसह आणि किमतीसह स्वतंत्र भरावे, आणि मागील वही जुन्या संगणकावर व कागदावर जपून ठेवावी. पुष्कळ कुटुंबांना हाच मार्ग हितकर ठरतो. काम कमी होतें, आणि रूपांतराच्या चुका नव्या घरांत शिरत नाहींत. त्यानंतर दोनतीन महिने दोन्ही वह्या समांतर चालवाव्या आणि मगच जुनीला विश्रांति द्यावी.

आतां त्या न्यू जर्सीच्या घरीं परत यावें. मुलीनें दोन प्रोग्रॅम मॅकवर बसवून आईपुढें ठेवले आहेत, असें समजावें. एकांत रंगीत चक्रें आहेत, दुसऱ्यांत साध्या रांगा. आईला एकच परीक्षा घ्यावयास सांगावें: विम्याचा हप्ता शेवटीं केव्हां भरला आणि ते समभाग कोणत्या किमतीस घेतले, हीं दोन उत्तरें कोणाच्याही मदतीवांचून शोधून काढावीं. ज्या प्रोग्रॅममध्यें तीं त्यांना सांपडलीं, तो त्या घरापुरता चांगला, मग दुसऱ्याची कीर्ति कितीही असो. कारण सारें लिहून ठेवणारा माणूस शेजारच्या खोलींत असतांना ही परीक्षा झालेली बरी. आज एखादी रक्कम लागली नाहीं तर त्यांना विचारतां येते, आणि तेही आनंदानें सांगतात, "अगं, ती त्या वर्षीं आईच्या औषधांसाठीं पाठविली होती." तेवढे चार शब्द नोंदीच्या शेजारीं लिहून ठेवावे. कोणताही प्रोग्रॅम ते मागाहून भरून देऊं शकत नाहीं.

संगणक आणखी पांचसहा वर्षांनीं पुन्हां बदलेल. त्या वेळीं कोणती ऑपरेटिंग सिस्टिम असेल, कोणती कंपनी असेल, हें आज सांगणें अशक्य आहे आणि त्याची चिंता करण्याचेंही कारण नाहीं. वर्षअखेरीस सर्व नोंदी साध्या अक्षरांत बाहेर काढून ठेवण्याचा आणि समभागांची यादी छापून कपाटांत ठेवण्याचा परिपाठ ज्या घरीं पडला, त्या घरची वही पुढच्याही बिऱ्हाडीं सुखरूप पोंचेल.